चौथ्या मजल्यावरची गाठ

त्या हॉस्पिटलच्या मागच्या जिन्यात एक लोखंडी कपाट होतं. ते हलवा, असा हुकूम ज्या ज्या मॅनेजरनं काढला, तो तो बदलून गेला. कपाट जागचं हललं नाही. त्याच्या शेजारच्या मोडक्या खाटांना तर पिल्लं होत असावीत, अशी काकांची खात्री पटत चालली होती. सोमवारी मोजाव्यात तर सहा, शुक्रवारी नऊ.

काका म्हणजे आगीच्या बंदोबस्ताचे काका. तोंडावर सगळे काका म्हणत, पाठीमागे ‘आगलाव्या’. रिटायर व्हायला दोन महिने उरले होते, आणि गुडघे तर केव्हाच रिटायर झाले होते. सहा मजले, रोज दोन फेऱ्या. प्रत्येक मजल्यावर जिन्याचं एक जड दार. धूर वॉर्डात शिरू नये म्हणून ते आपोआप लागायला हवं. पण औषधांची गाडी नेताना दर वेळी कोण ढकलणार? म्हणून आग विझवायचा लाल सिलिंडरच फटीत उभा करून दार उघडं ठेवायची तिथली रीत. काका सिलिंडर उचलून भिंतीवर टांगत. ते वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत तो पुन्हा दारात हजर.

“सिस्टर, हे दार—”

“काका, तुम्ही या की गाडी ढकलायला,” चौथ्या मजल्याच्या मोठ्या सिस्टर म्हणत. “आमचे गुडघे काय सरकारनं दिलेत?”

गुडघ्यांचा विषय निघाला की काकांना पुढे बोलवत नसे.

आगीच्या घंटीचंही तेच. ती उगाच इतक्यांदा वाजे, की तान्ह्या बाळांच्या वॉर्डात तिच्याशिवाय बाळं झोपत नाहीत म्हणे. दमून दमून काकांनी शेवटी एक सोय काढली होती. ‘जिना मोकळा, दारं ठीक’ या रजिस्टरात ते एक तारखेलाच महिनाभराच्या सह्या ठोकून टाकत. रोज खोटं बोलण्यापेक्षा एकदाच बोललेलं बरं, जीव कमी शिणतो.

पण या महिन्यात त्यांची ताई पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि तिला खाट मिळाली ती चौथ्या मजल्यावर, जिन्याच्या दारापासून दुसरी. वॉकर धरून दहा पावलं टाकली की तिला धाप लागायची. तेव्हापासून चौथ्या मजल्यावर आले की काकांची नजर आधी दाराकडे जाई, मग ताईकडे, मग जमिनीकडे.

बारा तारखेला तपासणी आली. तपासणीची जुनी रीत ठरलेली होती. तपासणीचे साहेब तळमजल्यापासून चढत येत, आणि खाटा, स्टँड, स्ट्रेचर त्यांच्या एक मजला पुढे चढत राहत. साहेब गच्चीवर पोचले की सामान लिफ्टनं खाली. वर्षातून एकदा खाटांना पेशंटपेक्षा जास्त व्यायाम घडे. साहेबांनाही ते ठाऊक होतं. चढताना ते मुद्दाम खोकत.

यंदा साहेबांबरोबर एक नवीन बाई आल्या. त्या म्हणाल्या, “तुम्ही खालून या, मी वरून येते.” आणि लिफ्टनं थेट गच्चीवर.

झालं! वरची माणसं घाबरून वरचं सामान खाली ढकलू लागली, खालची खालचं वर. दोन्ही वराती चौथ्या मजल्यावर भेटल्या. खाटेत खाट अडकली, स्ट्रेचरवर स्टँड चढला, आणि सगळ्यांच्या मधोमध, हसू नका, ते कपाट! आठ माणसांनी पहिल्यांदाच हलवलं होतं, आणि ते येऊन टेकलं ते नेमकं वॉर्डाच्या दाराला. दाराला बाहेर उघडायला जागा उरली चार बोटं.

बाई वरच्या पायऱ्यांवर येऊन थांबल्या. काका खालून धापा टाकत आले. बाईंनी भिंतीवरची घंटी दाबली. “हा वॉर्ड या जिन्यानं खाली करून दाखवा.”

कुणी हललं नाही. आत मोठ्या सिस्टर गोळ्या वाटत राहिल्या. तेवढ्यात चार बोटांच्या फटीत एक डोळा दिसला.

“बाळा,” ताई म्हणाली, “ही घंटी खरी की नेहमीची?”

बाईंनी काकांच्या काखेतलं रजिस्टर घेऊन उघडलं. “जिना मोकळा. ही सही तुमची? आणि ही तीस तारखेची? तीस तारखेलाही जिना मोकळा आहे?”

काकांच्या मागोमाग आलेले मॅनेजर त्यांच्या कानाशी लागले, “सांगा ना, आजच पेशंट वाढले. दोन महिने राहिलेत, निरोपाचा हार नीट घेऊन जा.”

काकांनी फटीकडे पाहिलं. डोळा अजून तिथेच होता.

“पेन द्या,” ते बाईंना म्हणाले. कपाटावर रजिस्टर ठेवून त्यांनी तीस तारीख खोडली, एकोणतीस खोडली, मागे मागे येत आजची खोडली, एक तारखेपर्यंतच्या खोडल्या, आणि पान उलटून मागचा महिना खोडायला लागले.

“पुढच्या खोडल्यात तेवढ्या पुरेत,” बाई म्हणाल्या.

“मागच्याही खोट्याच आहेत, बाई. मला वेळ लागेल. तुम्ही बसा त्या खाटेवर, तिचा एक पाय शाबूत आहे.”

संध्याकाळपर्यंत सामान उतरलं, आणि गच्चीवर नाही, फाटकाबाहेर गेलं. मॅनेजर काकांशी बोलत नव्हते. कपाटाचं एक टोक काकांनी स्वतः धरलं होतं. कपाट गेल्यावर चौथ्या मजल्याचं दार आपणहून आलं आणि खट्‌ करून लागलं. काका पायरीवर बसून तो आवाज संपल्यावरही ऐकत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चौथ्या मजल्यावर चढले, तर दार सताड उघडं. सिलिंडर भिंतीवर जागच्या जागी होता. फटीत मात्र ताईचा वॉकर उभा.

“उकडतं रे,” ताई खाटेवरून म्हणाली. “दोनच मिनिटं.”

काकांनी वॉकर उचलून तिच्या उशाशी नेऊन ठेवला. रजिस्टर काढलं. तेरा तारखेपुढे लिहिलं, ‘दार उघडं सापडलं. लावलं.’ सही केली, एकच. मग गुडघ्यावर हात टेकून पाचव्या मजल्याकडे निघाले.