आधी वास, मग घोट

त्या शनिवारी ‘निवांत’मध्ये सकाळपासून जी धांदल उडाली होती, ती पाहून कुणालाही वाटलं असतं की इथे कुणाचं तरी लग्नच आहे. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पलीकडची ही निवृत्तांची वसाहत. निम्मी माणसं निपाणी-बेळगावकडची, निम्मी मुलांच्या नोकऱ्यांमागे पुण्याहून आलेली. कोरोनाची दुसरी लाट ओसरली होती, तरी क्लबहाउसचं कुलूप काही निघालं नव्हतं. म्हणून एरवी शनिवारच्या हॉलवरून हातघाईवर येणारी चित्रपट आणि वाइन ही दोन मंडळं पहिल्यांदाच एक झाली. सिनेमा समोरच्या पांढऱ्या भिंतीवर, वाइन ज्याच्या त्याच्या बाल्कनीत. काय थाट म्हणायचा!

चित्रपट मंडळ कस्तुरीबाईंचं आणि वाइन मंडळ त्यांच्या नवऱ्याचं, म्हणजे वासुदेवरावांचं. वासुदेवराव मंडळाचं नाक. बाटली कागदात गुंडाळून यायची, त्यांनी पेला हुंगून त्यात कसला वास आहे ते जाहीर करायचं आणि मगच बाकीच्यांनी ओठ लावायचे. आधी वास, मग घोट. हा नियम मोडायची कुणाची टाप नव्हती.

आणि आज पंचाईत नेमकी इथेच होती. उन्हाळ्यात कोरोना झाला, त्यातून वासुदेवराव बरे झाले, पण वास गेला तो गेलाच. फोडणीचा नाही, उदबत्तीचा नाही, काही म्हणता काही नाही. डॉक्टर म्हणाले, येईलही, नाहीही. शिवाय मध्येच नसलेले वास यायला लागतात, त्यांना भुलू नका. हे सगळं ठाऊक होतं फक्त कस्तुरीबाईंना. मंडळाचं नाक म्हणून मिरवणं सोडायचं, हा विचारच वासुदेवरावांना सोसत नव्हता.

पण बाईही काही कमी नव्हत्या. त्यांनी बेत ठरवला होता. पेला आधी त्या हुंगणार आणि मागून चिमटा काढणार. एक चिमटा म्हणजे फळं, दोन म्हणजे मसाले. पुढचं वासुदेवरावांनी रंगवून सांगायचं. दोघं दुपारभर तालीम करत हसत होते.

सहाला दारोदार बाटल्या पोचल्या. कस्तुरीबाईंनी शेंगदाणे भाजायला कढईत टाकले आणि तेवढ्यात खालून हाक आली की प्रोजेक्टर चालत नाही. बाई मास्क लावून धावल्या. अंधारून आलं. बाल्कन्या भरल्या, पेले भरले आणि सगळे वासुदेवरावांकडे बघायला लागले. चिमटा काढणारी खाली अंगणात वायरींच्या गुंत्यात.

“अण्णा, सांगा की आता,” पलीकडच्या बाल्कनीतून निपाणीचे शिवकुमार म्हणाले. “घसा स्वल्प कोरडा पडलाय.”

वासुदेवरावांनी पेला नाकाशी नेला. शून्य. जांभूळ म्हणून ठोकून द्यावं, कोण बघतंय! त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. नाकात काहीतरी शिरलं होतं. जळकं, कडवट.

“कस्तुरी,” ते कठड्यावरून ओरडले, “काही करपतंय का गं?”

खालून ठसक्यात उत्तर आलं, की छे, मी गॅस बंद करून आलेय. बाईंच्या हातून आजवर काही करपलं नव्हतं, त्यामुळे प्रश्नच मिटला. वासुदेवराव खुर्चीत बसले. म्हणजे हा तो नसलेला वास, भुलवणारा. आता नाक म्हणून मिरवण्यात काही अर्थ नाही, सरळ सांगून मोकळं व्हावं. पण वास हटेना. उलट वाढत चालला. शेवटी ते उठले आणि आत गेले.

स्वयंपाकघरात धूर कोंडला होता. गॅस चालू होता आणि कढईत शेंगदाण्यांचा नुसता कोळसा झाला होता.

वासुदेवरावांनी गॅस बंद केला, दोन फडक्यांत धरून कढई उचलली आणि ती मिरवत बाल्कनीत आले. डोळ्यांतून पाणी, ते धुराचं की कसलं, कोण जाणे.

“ऐका हो सगळे. उन्हाळ्यापासून मला वास येत नव्हता. आज तुम्हाला फसवणार होतो. वाइनचा वास मला आत्ताही येत नाहीये. पण हे शेंगदाणे करपलेत आणि ते मला कळलं.”

मग शिवकुमारांनी पेला उंच केला. नियम पाळला गेला, वास जाहीर झाला, असं त्यांनी ठणकावून सांगितलं आणि सगळ्या बाल्कन्यांमधून टाळ्या कडाडल्या. पहिला घोट करपलेल्या शेंगदाण्यांच्या नावाने गेला.

कस्तुरीबाई जिना चढून धापा टाकत आल्या. लाडक्या कढईची दशा बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. मग त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं आणि कढई त्यांच्या हातातून घेतली. भिंतीवर सिनेमा सुरू झाला होता. बाई मोरीकडे वळल्या, तशी वासुदेवरावांनी त्यांचा पदर धरला.

“आज घासू नकोस,” ते म्हणाले. “उशाशी ठेव. सकाळी पुन्हा हुंगून बघतो.”