बाईमाणूस म्हणून सोडलं

पालेगावच्या रस्त्यावर एका गोदामातून टेंपो मागे न बघता रिव्हर्स आला आणि कुमुदिनीच्या लूनाला धडकला. ती रस्त्यावर आपटली, डावं मनगट मोडलं. माणसं जमली. ड्रायव्हर खाली उतरला आणि तिच्याकडे बघून मोठ्या मनाने म्हणाला, "लेडीज है, जाने दो." जमलेल्यांना हे फार आवडलं. ज्याने धडक दिली त्यानेच जिला लागलं तिला माफ केलं, आणि वर त्याचंच कौतुक झालं!

"बाईमाणूस म्हणून सुटलीस, सूनबाई," अंबरनाथला घरी आल्यावर सासरे विष्णुपंत म्हणाले. "पुरुष असता तर लोकांनी चार ठेवून दिल्या असत्या." नवऱ्याने, शशिकांतने, मान डोलावली. बायकांची सगळीकडे चैन असते, हे त्या घरातलं पक्कं मत. बसमध्ये वेगळी सीट, रॉकेलला वेगळी लाइन. त्या लाइनीत आपली सून अर्धी सकाळ ताटकळते, हे विष्णुपंतांच्या गावीही नव्हतं. रॉकेल घरात येतं, एवढंच त्यांना ठाऊक.

आता लूना विकायची, असं काळजीपोटी ठरलं. कुमुदिनी पालेगावच्या बालवाडीत शिकवायची. तिकडे बस नव्हती, रिक्षावाले नाही म्हणायचे. लूना गेली की नोकरी गेली. चूक टेंपोची होती, हे सांगून सांगून तिचा घसा बसला.

"पोलिसांनी तसं लिहून दिलं तर?" तिने शेवटी विचारलं.

"तर गाडी तुझी," विष्णुपंत म्हणाले.

ती शशिकांतला घेऊन चौकीत गेली. हवालदाराने लगबगीने खुर्ची दिली, पंखा तिच्याकडे वळवला. मग शशिकांतला म्हणाला, "हां साहेब, बोला. टेंपो कुठून आला?"

"मी तिथे नव्हतो. हिला विचारा."

"ताईंना कशाला त्रास? तुम्ही विचारून सांगा ना."

मग हवालदार शशिकांतला विचारी, शशिकांत तिला, ती शशिकांतला सांगे आणि शशिकांत हवालदाराला. तिघं एकाच टेबलाशी बसली होती. शेवटी हवालदाराने वाचून दाखवलं: "माझी पत्नी गाडीवर नवशिकी असल्याने टेंपो बघून घाबरली व पडली."

"नवशिकी? अहो, सहा वर्षं चालवतेय मी! टेंपोने मला उडवलंय!"

"ताई, तुमच्याच फायद्याचं लिहिलंय. आता कुणी तुम्हाला चौकीच्या फेऱ्या मारायला लावणार नाही. बाईमाणूस आहात म्हणून एवढं करतोय."

संतापाने तिचे डोळे भरून आले. "अहो, सही करू नका," ती शशिकांतला म्हणाली. "मला माफी नकोय. मी चुकलेच नाहीये."

"कशाला वाढवतेस? लिहून मिळतंय ना," तो हळूच म्हणाला, आणि त्याने सही केली.

विष्णुपंतांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. "बघ, पोलिसही तेच म्हणतात," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात कुठेही दुष्टपणा नव्हता, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

रविवारी बदलापूरहून गिऱ्हाईक आलं. त्याने लूना पुढून-मागून बघितली, मडगार्डला आलेला पोचा दाखवला.

"तो एका टेंपोवाल्याने रिव्हर्स घेताना मारला," शशिकांत घाईघाईने म्हणाला. "बाकी गाडी एक नंबर आहे. लेडीजने चालवलेली. सहा वर्षांत एकदाही कुठे घासली नाही. आमची मिसेस फार जपून चालवते हो."

गिऱ्हाईक खूश झालं. कुमुदिनी दारात उभी होती. प्लास्टरचा हात छातीशी धरून ती म्हणाली,

"हे तुम्ही चौकीत का नाही सांगितलंत?"

शशिकांतने लूना स्टँडवरून काढली आणि त्या माणसाच्या हातात दिली.