फक्कीनं आखलेलं घर

रविराजनं मोजणी करून प्लॉटांचे दगड रोवले होते, पण दगड बघून कुणी खिशात हात घालत नाही. गिऱ्हाइकाला पांढरी रेघ दिसावी लागते. म्हणून त्यानं भागवत सरांना बोलावलं. सर चौसाळ्याच्या शाळेत खेळाचे शिक्षक. खो-खोची मैदानं आखण्यात जन्म गेलेला. सुतळी ताणून चुन्याची फक्की सोडली की रेघ कुठं म्हणून हलायची नाही. रविराज त्यांचाच विद्यार्थी.

सर आले, पण नुसती फक्की मारायला नाही. बीडच्या घरमालकानं महिनाअखेर खोल्या खाली करायला सांगितल्या होत्या. हे भाड्याचं आठवं घर. सकाळी डबा देताना वनमालाबाई एवढंच म्हणाल्या, "आज रवीला विचाराच. लाजून लाजून वय गेलं आपलं."

अकरा नंबरच्या प्लॉटवर आले आणि सरांचा हात थांबला.

वीस वर्षांपूर्वी मांजरसुंब्याजवळच्या या रानात तूर असायची. रविराजचे वडील राधाकिशन आबा म्हणाले होते, "सर, दीड गुंठा घ्या. चाळीस हजार. पैसे कवाबी द्या, मी काय पळून चाललो का?" सर तेव्हा विनाअनुदानित शाळेत फुकट शिकवत होते. दर मार्चला संस्थेचे अध्यक्ष सांगायचे, यंदा अनुदान येतंय. सर म्हणाले, "आबा, पहिल्या पगाराला इसार देतो. उधारीच्या जागेवर घर नको." सरकारच्या शब्दावर घर बांधायची चूक या देशात फक्त मास्तर करतो.

तरी तूर निघाल्यावर एका रविवारी ते बायकोला आणि चार वर्षांच्या करिष्माला गाडीवर बसवून इथं, याच तुकड्यावर आले. सोबत शाळेतली अर्धी बादली फक्की. त्यांनी घर आखलं. हॉल, स्वयंपाकघर, एक खोली.

"ओटा कुठंय?" वनमालाबाईंनी विचारलं.

"ही रेघ."

"लई आखूड झाला. आन मोरी दारासमोर? शोभतंय का?"

सरांनी मोरी पायानं पुसली आणि चार हात मागं नेली. घर पायानं पुसून हलवता यायचं, असे ते दिवस. करिष्मा रेघेबाहेरच उभी राहिली. "पप्पा, दार उघडा ना!" सरांनी हवेतली कडी काढली तेव्हा कुठं ती आत आली. हॉलमध्ये बसून तिघांनी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. आबा बांधावरून आले, रेघेबाहेर पायताण काढलं आणि मगच आत येऊन बसले. त्या म्हाताऱ्यानं फक्कीच्या घराला जेवढा मान दिला, तेवढा पुढं एकाही घरमालकानं या कुटुंबाला दिला नाही. करिष्मा तिच्या खोलीत ढेकळांवरच झोपून गेली.

तीन वर्षं ते असे येत राहिले. दर वर्षी एक खोली वाढायची. मग चौपदरी रस्ता आला. रस्ता कुठून जाणार हे मास्तरांना पेपरात वाचून कळलं. ज्यांना आधी कळलं त्यांनी आधीच रानं धरली, आणि आता तेच शिक्षकदिनाला हार घालायला येतात. पहिलं अनुदान येऊन सरांचा वीस टक्के पगार सुरू झाला तेव्हा प्लॉट सहा लाखांवर गेला होता. पूर्ण पगार झाला तेव्हा भाव विचारायचीसुद्धा लाज वाटू लागली. करिष्मा लग्न होऊन सासरी गेली. माहेर म्हणून ती आली ती दर वेळी वेगळ्याच पत्त्यावर.

"कावून थांबलात सर? दम लागला का?" रविराज गाडीतून उतरला.

"रवी, हा अकरा नंबर मला दे. फंडातले बारा लाख आहेत."

"चोवीसचा भाव हाय, सर."

"आबा असते तर—"

"आबा असते तर फुकटात देऊन बसले असते. म्हणून तर आमी कोरड्या भाकरी खाल्ल्या." तो हसला. मग जवळ आला. "एक करता येतंय. तुमच्या मास्तर लोकांतली सहा गिऱ्हाइकं आणा. तुमचा शब्द म्हंजे शिक्का. सहा झाले की अकरा नंबर बारा लाखांत तुमचा. लावा त्रिंबक सरांना. स्पीकरवर."

त्रिंबक सर त्याच शाळेत विज्ञान शिकवायचे. तेही भाड्यानंच राहायचे. सरांनी फोन लावला.

"बोला क्रीडामंत्री!"

"सर, मांजरसुंब्याला प्लॉट निघालेत. चोवीस लाख."

"आरं देवा. बायकोचं गंठण, पोराच्या शिक्षणाचं ठेवलेलं, सगळंच काढावं लागंल. पण तुमी सांगा. तुमी घ्या म्हणलात तर डोळे झाकून घेतो."

रविराजनं अंगठा दाखवला. सरांनी अकरा नंबरच्या चारी कोपऱ्यांकडं बघितलं. एक शब्द बोलायचा होता. पाच फोन अजून, आणि वनमालाबाईंचा ओटा उभा राहिला असता.

"नका घेऊ," सर म्हणाले. "बाराच्या वर द्यावं असं इथं काही न्हाई. बोअरलाबी पाणी न्हाई. मला गिऱ्हाईक आणायला सांगितलंय म्हणून फोन केला."

त्रिंबक सरांनी आवाज खाली आणला.

"सर, स्पीकर चालू हाय का?"

"हाय."

"मंग रविराजला नमस्कार सांगा."

रविराज चिडला नाही. चिडला असता तर बरं वाटलं असतं. "सर, तुमी कायम असेच बाद होणार बघा," तो म्हणाला. "उरलेले पाच प्लॉट आखून जा. चार वाजता लोक येणारेत."

सरांनी आखले. रेघ वाकडी मारावी असं मनात आलं, पण हाताला जमलं नाही.

बादली धुताना वनमालाबाईंचा फोन आला. "विचारलं का?"

"विचारलं. तो देत होता. मीच घेतला न्हाई."

त्या म्हणाल्या, "त्रिंबक सरांच्या बायकोचा फोन आलता आत्ता. गंठण वाचलं म्हणून रडत होती. त्यांच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या हायत म्हणे, मालकाशी बोलते म्हणाली. जिना लई अरुंद हाय. आपलं कपाट वर जाईल का?"

"खालचे पाय काढले तर जाईल," सर म्हणाले.