मिल्काच्या बियाण्याचा रांजण

मी एक जुने खापर आहे. हसू नका मित्रांनो! खापराला कसले आले आत्मवृत्त, असे तुम्हाला वाटेल. पण मी काही जन्माचे खापर नाही. एके काळी मी गाढवाचे पुरते ओझे होईल एवढा जव पोटात घेऊन बसणारा, रुंद खांद्यांचा रांजण होतो. एफ्राईम नावाच्या डोंगराळ मुलखातल्या आमच्या गावात माझ्या तोडीचा दुसरा रांजण नव्हता.

मला घडवले योकीम कुंभाराने. त्याने ओढ्याकाठची तांबडी माती आणली, तीत चुनखडीचा भुगा मिसळला आणि दोन दिवस ती पायांनी तुडवली. मग चाक, मग सावलीतली वाळवण आणि शेवटी भट्टी. भट्टीत फार भाजते मित्रांनो, खोटे कशाला बोलू? पण न भाजलेला रांजण म्हणजे नुसता चिखल. मी गार झाल्यावर योकीमने मला टिचकी मारली आणि मी खणखणीत वाजलो.

"मिल्के, हा घे तुझ्या लग्नाचा आहेर," तो धाकट्या बहिणीला म्हणाला. "तुझ्या जिभेसारखाच खणखणतोय बघ!"

"आणि तुझ्या डोक्यासारखा पोकळ आहे," मिल्का म्हणाली. पण मला सासरी नेताना तिने गाढवावर आपली शाल माझ्याखाली घातली होती.

तीस वर्षे मी तिच्या कोठीच्या कोपऱ्यात बसलो. माझ्या पोटात खाण्याचे धान्य कधीच नसायचे, फक्त पेरणीचे बी. कापणीच्या दिवसांत मिल्का टपोरी कणसे स्वतः निवडायची, वेगळी झोडायची आणि माझ्यात भरून वर दगडाचे झाकण ठेवायची. एका वर्षी दुष्काळ पडला. मुले भुकेने रडली, तरी तिने झाकण उघडले नाही. ओढ्याकाठच्या रानभाज्या उकडून तिने त्यांना जगवले. शेजारणी म्हणायच्या, "मिल्काचा रांजण आणि मिल्काचा शब्द, दोन्हींतून काही गळत नाही." हे ऐकले की मला फार बरे वाटायचे. थोडा गर्वही व्हायचा.

पुढे मिल्काच्या मुलाचे लग्न झाले आणि अटारा सून म्हणून घरात आली. ती मेंढपाळांची लेक. तिचे सारे बालपण तंबूत गेले होते. तिथे सगळी भांडी कातड्याची आणि लाकडाची, मातीचे भांडे रोजच्या प्रवासात टिकायचे कसे? पोर कामसू होती, पण सासूच्या जिभेला बिचकून असायची. मिल्काने हाक मारली की तिच्या हातातली वस्तू निसटायची.

त्या वर्षी आमच्या गावावर टोळधाड आली होती. कुणाच्याच घरी शिलकीचे बी उरले नव्हते. मिल्काच्या घरचे जे काही वाचले, ते सगळे माझ्या पोटात होते. पेरणीचा दिवस उजाडला. जमीन ओली झाली होती, मुलगा बैल जुंपून शेतावर गेला होता आणि अटारा बी न्यायला कोठीत आली. पाहते तर काय, माझे झाकण बाजूला सरकलेले आणि आत जवावर एक पाल मरून पडलेली!

आदल्या दिवशी बी पाहायला झाकण काढले होते ते अटारानेच, आणि ते नीट बसवायचे तिच्याकडून राहिले होते. आमच्या लोकांत पाल मेली की ती अशुद्ध आणि ती ज्यात पडेल ते भांडेही अशुद्ध. अटाराच्या माहेरी असे झाले की पखाल किंवा काठवट पाण्यात बुडवायची, संध्याकाळपर्यंत ती शुद्ध व्हायची. तिला तेवढेच ठाऊक होते. तिने चिमट्याने पाल बाहेर टाकली, धावत जाऊन पाण्याची घागर आणली आणि आतल्या बियासकट मला धुवायला ती माझ्या तोंडावर कलती केली.

"थांब! पाणी नको!"

मिल्का दारात उभी होती. तिचा आवाज ऐकून अटारा दचकली, घागर हिंदकळली आणि पाणी माझ्यावर सांडले.

"अगं, बी कोरडं असलं तर त्याला विटाळ नाही!" मिल्काने घागर हिसकावून घेतली. "पाणी लागलेल्या बियाला आहे! हे तुझ्या मेंढ्यांनी शिकवलं नाही तुला?"

अटाराला रडू फुटले. "माझ्या माहेरी धुतात हो सासूबाई. मला वाटलं, धुतलं की झालं. झाकणही मीच उघडं ठेवलं."

"आत गेलं का पाणी?"

"मला नाही माहीत."

मला माहीत होते! पण रांजणाला विचारतो कोण? कोठीत त्या दोघी आणि मी. शेजारी सगळे शेतावर गेलेले. अटारा हळूच म्हणाली, "सासूबाई, कुणी पाहिलं नाही."

मिल्काने सरकलेले झाकण उचलून भिंतीला टेकवले. बी अशुद्ध ठरले तर वर्षभर घरात भाकरी नाही, हे तिला दिसत होते. मग ती म्हणाली, "मी पाहिलंय की. मी कुणीच नाही का? जा, इद्दोबाबांना घेऊन ये."

इद्दोबाबा हा गावातला म्हातारा लेवी, देवाच्या सेवेला वाहिलेल्या कुळातला. नियमशास्त्र त्याला तोंडपाठ आणि गुडघेदुखी कायमची. तो कण्हत आत आला. मिल्काने पालीपासून घागरीपर्यंत सगळे त्याला सांगितले, एक अक्षर वगळले नाही. त्याने कोपरापर्यंत हात माझ्यात घातला. वरचे दाणे चाचपले, कडेचे चाचपले. मग एक दाणा दाताखाली धरला. कट्टकन आवाज झाला.

"कोरडा आहे," तो म्हणाला. "पाणी काठावरून बाहेरच ओघळलं. बी शुद्ध आहे, खुशाल पेरा. पण मिल्के, रांजण..."

"ठाऊक आहे मला. मातीचं भांडं धुऊन शुद्ध होत नाही. फोडायचं."

त्यांनी माझ्यातले बी चादरीवर ओतले. रांजण फोडायला नवऱ्याला शेतावरून बोलावू का, असे अटाराने विचारले. "माझा रांजण आहे, मीच फोडीन," मिल्का म्हणाली. तिने मला अंगणात नेले, हातोडा उचलला आणि ती ढसाढसा रडली. मलाही वाईट वाटले मित्रांनो. पण माझ्या पोटातला एकही दाणा भिजला नव्हता. रांजणाने आयुष्यात आणखी काय मागावे?

मी फुटलो. तुकड्यांचा ढीग उकिरड्यावर गेला. महिनाभर मी तिथे पडून होतो, कोंबड्या माझ्या अंगावर नाचायच्या. फुटल्या भांड्याला विटाळ राहत नाही, म्हणून एक दिवस अटाराने माझा हा पसाभर तुकडा उचलून घरी नेला. तिने माझ्या कडा दगडावर घासल्या आणि मला शेजारच्या चुलींतले निखारे आणायला घेतले. अंग जरा काळे झाले, पण रोज पाच घरची खबर कळू लागली. कोठीच्या कोपऱ्यापेक्षा हे बरे!

वसंतात जव पिकला. योकीमने नवा रांजण पाठवला. टपोरी कणसे वेगळी झोडून झाली आणि मिल्का बियाजवळ बसली. दरवर्षी ती ते एकटीच भरायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

"अटारा!" तिने हाक मारली. अटाराच्या हातून मी जवळजवळ निसटलोच.

"ते खापर स्वच्छ पुसून आण. बी तू भर."

"मी? अहो, मी झाकण विसरले होते."

"विसरलीस, पण माझ्याशी खोटं बोलली नाहीस. आता बियाणं तुझ्याकडे. झाकण मात्र लाव हं, नाहीतर माझी जीभ आहेच."

मित्रांनो, भांडी जपून वापरा, झाकण लावायला विसरू नका. पण तुमच्या हातून चूक झालीच, तर अटारासारखी खरी सांगा. आणि कुणी तुमच्याजवळ आपली चूक खरीखरी सांगितली, तर त्याला पुन्हा काम सोपवा. त्या दिवशी अटारा माझ्यातून पसा पसा जव नव्या रांजणात ओतत होती. मिल्काने खालून आपला हात लावला होता. एकही दाणा सांडला नाही.