नझमीचा नंबर

"कान! दोन्ही कान दिसू देत, नझमी. केस मागे घे," मी कॅमेऱ्यामागून ओरडले.

"केस राहिलेत कुठे मागे घ्यायला? आणि माझे कान तर सरोवरापलीकडच्या देशातूनसुद्धा दिसतात, पोलिक्सेनी. तिकडच्या शिपायांना विचार."

त्याची पोरगी लीरी फिस्सकन हसली. बायको धुराता हसली नाही. ती त्याच्या कोटाकडे बघत होती. गेल्या ऑक्टोबरात अंगाला घट्ट बसणारा तो कोट आता दोन मापं मोठा झाला होता. मी दोरीवरचे कपड्यांचे दोन चिमटे आणले, कोट पाठीमागून आवळला आणि कॉलरच्या आत रुमाल कोंबला.

"हे नियमात बसतं का?" त्याने विचारलं.

"चिमटे लावू नयेत असं कुठे लिहिलेलं नाही. बस गप."

मी तोंडाळ बाई आहे, आमचं सगळं पोग्रादेत्स गाव जाणतं. पण त्या दिवशी माझा आवाज मलाच खोटा वाटत होता.

इतर गावांत फोटोवाल्याची चांदी होते ती लग्नसराईत. आमच्याकडे ऑक्टोबरात. अमेरिका दरवर्षी जगभरातून अर्ज मागवते आणि चिठ्ठ्या उचलाव्यात तशी माणसं निवडते. ज्याचा नंबर लागला त्याला बायको-मुलांसकट तिकडे राहायला जाता येतं. म्हणून ऑक्टोबर उजाडला की अख्खं गाव अंघोळ करून, दाढी करून माझ्या दुकानात पांढऱ्या भिंतीपुढे बसतं. फोटो मी काढते, फॉर्मही मीच भरते. मे महिन्यात निकालही माझ्याच कॉम्प्युटरवर बघतात. मग शिव्याही मलाच खाव्या लागतात.

नझमीचं हे सतरावं वर्ष. लीरी जन्मली त्याच वर्षी त्याने पहिला अर्ज केला. दीड महिन्याचं बाळ, मान धरत नव्हतं. मी धुराताला खुर्चीवर बसवून तिच्या अंगावर पांढरी चादर टाकली, आणि चादरीखालून तिने पोरीची मान सावरली. फोटोत बाळ एकटंच, हवेत बसल्यासारखं. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. त्यानंतर दर ऑक्टोबरात तिघं यायची. जुना फोटो चालत नाही, दरवर्षी नवा लागतो. त्यामुळे लीरीचे दुधाचे दात, धुराताचा पहिला पांढरा केस, सगळं माझ्याकडे वर्षावार जमा आहे.

नझमी गावच्या पाण्याच्या पंपांवर मेकॅनिक होता. नळाला पाणी आलं नाही की गावाला त्याची आठवण यायची. पाणी आलं की विसर पडायचा. कधी कोणाशी वाकडं बोलला नाही. त्याला एकच खूळ होतं. कुठल्या देशातून किती अर्ज गेले याचे आकडे वर्तमानपत्रात आले की तो ते कापून ठेवायचा, त्या त्या देशाच्या लोकसंख्येने भागायचा, आणि पंपघरातल्या फळ्यावर खडूने यादी लिहायचा. मग माझ्या शेजारी लिगोरचं कॅफे आहे, तिथे जाऊन निकाल जाहीर करायचा.

"घाना वर गेलं बरं का! नेपाळही चढतंय. पण माणशी काढलं तर आपण अजून पहिल्या पाचात."

"वा! फुटबॉलात नाही, तर निदान पळून जाण्यात तरी," पोस्टमन सोतीर म्हणायचा. "आणि तू रे? सतरा वर्षांत अमेरिकेला तुझे कान तोंडपाठ झाले असतील. तरी बोलवत नाहीत?"

"बोलावतील. घानातसुद्धा माझ्यासारखा एखादा पंपवाला असेलच ना, पोरीला भिंतीपुढे बसवून फोटो काढणारा? आधी त्याचा लागू दे. मग माझा."

लिगोरच्या कॅफेत एक रीत आहे. ज्याचा नंबर लागला त्याने सगळ्यांना कॉफी पाजायची, आणि सगळ्यांनी उभं राहून त्याला म्हणायचं, "वाट सुखाची होवो." नझमीने सतरा वर्षांत अशी कितीतरी कॉफी प्यायली. न्हावी गेला, दातांची डॉक्टरीण गेली, लिगोरचा सख्खा भाऊ गेला. दर वेळी सगळ्यांत आधी उभा राहायचा तो नझमी. एकदा मला म्हणाला होता, "मला अमेरिकेचं एवढं काही नाही गं. पोरीचं होईल तिकडे काहीतरी, इथे ती बुटाच्या कारखान्यात टाके घालण्यात जाईल. पण एकदा तरी लिगोरच्या दारात उभं राहून म्हणायचंय, आज माझ्याकडून."

त्या दिवशी फोटो झाले. मायलेकी बाहेर भाजलेली चेस्टनट घ्यायला थांबल्या आणि नझमी परत आत आला. फोटोत चष्मा चालत नाही म्हणून काढून ठेवलेला, तो विसरला होता. चष्मा घेतला, पण हलेना.

"एक विचारू? ज्याच्या नावाने फॉर्म आहे तोच गेला, तर मागच्यांचं काय होतं?"

"कुठे गेला?" मी उगाच विचारलं.

"पोलिक्सेनी, पंपाचा आवाज बदलला की मला बाहेरच्या रस्त्यावरून कळतं. माझा स्वतःचा नाही कळणार?"

आमच्याकडे असला न बरा होणारा आजार डॉक्टर रोग्याला सांगत नाहीत, घरच्यांना सांगतात. तिराना शहरातल्या डॉक्टरने धुराताला सांगितलं होतं आणि धुराताने मला. नझमीला तिने सांगितलं, पोटात व्रण आहे, तिखट खाऊ नकोस. ती बिचारी उन्हाळ्यापासून मन घट्ट करून हसत होती. आणि हा गृहस्थ सगळं जाणून, व्रणाच्या गोळ्या म्हणून दिलेल्या गोळ्या मुकाट्याने गिळत होता.

मी नियम उघडून वाचले. "अर्जदार वारला तर अर्ज रद्द. बायको-मुलांनाही जाता येत नाही."

"मग माझ्या नावाचा भरू नकोस. धुराताचा तेवढा भर. उगाच त्या घानावाल्याची जागा कशाला अडवायची?"

"आणि तिला काय सांगू?"

त्याने चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढून पुसला. "ते बघ तू काहीतरी. पण मला कळलंय हे तिला कळता कामा नये. तेवढ्या एका गोष्टीवर ती उभी आहे."

दोन दिवसांनी दोघं फॉर्म भरायला आले. दरवर्षी दोन फॉर्म असायचे, एक त्याच्या नावाचा, एक तिच्या. मी तिचा उघडला. म्हटलं, "या वर्षी एकच भरू या का? सर्व्हर फार हळू चालतोय."

"छे, छे! दोन्ही भर," धुराता घाईघाईने म्हणाली. "आधी त्याचा भर." आणि माझ्याकडे असं पाहिलं की तिचं बोलणं मला शब्दांशिवाय समजलं. त्याचा फॉर्म टाळला, तर तो विचारणार, का टाळला.

मी तिच्या खांद्यावरून नझमीकडे पाहिलं. तो मागे भिंतीला टेकून उभा होता. त्याने हळूच मान हलवली. भर.

मी भरला. नाव, जन्मसाल, बायको, एक मुलगी, कोट आवळलेला फोटो. शेवटचं बटण दाबताना माझ्या मनात आलं, इतकं निरुपयोगी काम आपण आयुष्यात केलं नसेल. पावतीचा कागद त्याने नीट घडी करून धुराताच्या हातात दिला. "जपून ठेव. मे महिन्यात लागेल," म्हणाला.

मार्चमध्ये तो गेला. सरोवरावर वारं सुटलं होतं, लाटांचं पाणी पार रस्त्यावर येत होतं.

आमच्याकडे माणूस गेला की त्याची बातमी फोटोसकट विजेच्या खांबांवर चिकटवतात. त्या पत्रकांची छपाईही माझ्याकडेच. हल्ली खांबांवरची माणसं सगळी एकसारखी दिसतात, मागे पांढरी भिंत, न हसणारा चेहरा, दोन्ही कान उघडे. लोकांकडे दुसरे फोटोच नसतात. धुराता म्हणाली, "गेल्या ऑक्टोबरातला नको. त्याच्या आधीचा लाव." मी लावला. चाळीस दिवस त्यांच्या घरी माणसं जात-येत होती आणि दुःखाच्या घरची बिनसाखरेची कॉफी पीत होती. धुराताने तर स्वतःच्या कॉफीतली साखर कायमचीच सोडली.

मे महिन्यात निकाल लागला. पहिल्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. चौथ्या दिवशी दुपारी, गर्दी ओसरल्यावर, धुराता आणि लीरी आल्या. धुराताच्या अंगावर काळे कपडे, हातात प्लास्टिकच्या पिशवीत दोन पावत्या.

"माझा बघ."

मी बघितला. नाही लागला. लीरीने खिडकीकडे तोंड फिरवलं. पोरीने वर्षभर इंग्रजीची पुस्तकं उशाशी घेऊन रात्री काढल्या होत्या.

"आता त्याचा."

"कशाला धुराता? राहू दे ना."

"बघ तर खरी. सतरा वर्षं बघतेस, आणखी एकदा बघ."

मी नंबर टाकला, नाव टाकलं, जन्मसाल टाकलं. पान उघडलं. दरवर्षी जिथे तीन ओळी यायच्या, तिथे अख्खं पत्र आलं होतं.

"नाही लागला," मी म्हणाले आणि माऊसकडे हात नेला.

पण लीरी केव्हाच काउंटरच्या या बाजूला आली होती. "मावशी, थांब. हे काय लिहिलंय?" ती वाचू लागली आणि तिचा आवाज चढत गेला. "निवड झाली आहे... आई! आई, बाबांचा नंबर लागला! बाबांचा लागला गं!"

ती नाचायचीच बाकी होती. मग तिचं लक्ष माझ्या चेहऱ्याकडे गेलं. तो नियम मला तिला सांगावा लागला. इतक्या लोकांना मी इतक्या वर्षांत "नाही" म्हटलंय, पण असं कधी म्हणावं लागलं नव्हतं. पोर मटकन स्टुलावर बसली आणि आईच्या काळ्या स्कर्टमध्ये तोंड खुपसून हमसाहमशी रडायला लागली.

धुराता तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. "मला माहीत होता तो नियम," ती म्हणाली. "ऑक्टोबरातच शाळेच्या बाईंकडून वाचून घेतला होता. तरी तुला भर म्हणाले. नाही भरला असता तर त्याला संशय आला असता."

मी त्याला शब्द दिला होता. पण ज्याला दिला तो खांबावर होता, आणि ही माझ्यासमोर उभी होती.

"धुराता, त्याला माहीत होतं. सगळं. चष्मा घ्यायला परत आला ना, तेव्हा मला म्हणाला, माझा फॉर्म भरू नकोस."

तिचा हात लीरीच्या डोक्यावर थांबला.

"मग भरू का दिला?"

"तू का भर म्हणालीस?"

बाहेर कोणीतरी मोटारसायकल चालू करत होतं, ती होत नव्हती. मग तिने तोंडाला पदरासारखा रुमाल लावला, आणि मला वाटलं आता कोसळते ही. पण रुमालामागे ती हसत होती. रडतही होती. "मेला," ती म्हणाली, "माझ्यासमोर व्रणाच्या गोळ्या मोजून घ्यायचा. म्हणायचा, गुण येतोय. गुण येतोय म्हणायचा गं मला!"

थोड्या वेळाने तिने डोळे पुसले. "मला ते पत्र छापून दे."

"कशाला? त्याचा काही उपयोग नाही."

"दे."

मी छापून दिलं. तिने लीरीला उठवलं, तिचं नाक पुसलं आणि दोघी बाहेर पडल्या. मला वाटलं घरी चालल्या. पण त्या लिगोरच्या दाराकडे वळल्या. मी उघडंच दुकान टाकून मागे धावले.

लिगोरच्या कॅफेत बाई आत जात नाही. तशी बंदी नाही, पण जात नाही. मीसुद्धा दारातूनच ओरडून कॉफी मागवते. धुराता सरळ आत गेली आणि मधोमध उभी राहिली. पत्ते खेळणारे हात थांबले. सोतीरने तोंडातली सिगारेट विझवली.

"लिगोर, सगळ्यांना कॉफी दे. नझमीकडून."

लिगोर बावरला. "हो, हो वहिनी. देतो ना." त्याने भांडं चुलीवर ठेवलं. त्याला वाटलं, चाळीस दिवसांतलं काही करायचं राहिलं असेल. "बिनसाखरेचीच करतो."

"साखर घाल," धुराता म्हणाली. "नंबर लागलेला माणूस कडू कॉफी पाजतो का कधी?" आणि तिने ते पत्र त्याच्यापुढे ठेवलं. लिगोरला इंग्रजी येत नाही, पण तसलं पत्र त्याने भावाच्या हातात पाहिलं होतं. वरच्या बाजूला नझमीचं नाव होतं. त्याने पत्र वाचलं, म्हणजे बघितलं, आणि कप मांडायला घेतले. मग ते पत्र हातोहात टेबलांवरून फिरलं.

कॉफी आली. दुःखाच्या घरी बोलतात ते शब्द वेगळे, इथे बोलतात ते वेगळे. शेवटी सोतीर उठला. सतरा वर्षं नझमीच्या कानांवरून टिंगल करणारा सोतीर. त्याने टोपी काढली, कप उचलला. त्याला उठलेला पाहून बाकीचेही उठले, खुर्च्या सरकल्या.

"वाट सुखाची होवो, नझमी," तो म्हणाला.

"वाट सुखाची होवो," सगळे म्हणाले.

धुराताने नझमीच्या वतीने मान हलवली आणि तिच्या पुढ्यातला कप उचलून उभ्यानेच प्यायला सुरुवात केली. लिगोरने एक कप माझ्यासाठी दारात आणून दिला. साखर फारच जास्त झाली होती, पण मी तळापर्यंत प्यायले.