पिवळ्या फांदीला हिराकस

चीनमधल्या आमच्या फीचौच्या रोपवाटिकांत दुसऱ्याच्या गिंकोच्या झाडाला हात लावायचा तर आधी मालकाला विचारतात. शेजारचे लुओ काका कुऱ्हाड घेऊनच आले, मागे गावप्रमुख हाओबाई.

"ही पिवळी फांदी रोगट आहे," ते बाबांना म्हणाले. "माझ्याही रोपांना लागलंय. तोड आणि जाळ."

आमच्या हिरव्यागार झाडाला तीन वसंत ही एकच फांदी पिवळीधमक फुटत होती. तिची कलमं बांधून नवी जात करायचं बाबांच्या मनात होतं. पण भांडणात बाबा मुके होतात. मी होत नाही, निदान यंदा तरी नाही.

"काका, तुमच्या पानांच्या शिरा हिरव्या आहेत. ती लोहाची उपासमार. आमचं पान शिरांसकट पिवळं. या फांदीच्या जनुकातच बदल झालाय, तिच्यात पानांना हिरवा रंग देणारी हरितलवकं नीट घडतच नाहीत. ते कुणाला लागत नसतं."

"वा. पुस्तक चावून आलीय."

"मग दोन्हीकडे हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, पाण्यात कालवून फवारू. भुकेलं असेल ते हिरवं होईल."

हाओबाईंना पटलं. काका म्हणाले, हिराकस मीच कालवून आणतो. बादली आली ती गंजक्या, दाट पाण्याची. बाबा चिमूटभर घालतात तेव्हा पाणी जेमतेम रंगतं. या पाण्यानं फांदी दुपारपर्यंत करपली असती, आणि काका म्हणाले असते, बघा, मेलीच.

मी बादली त्यांच्याच पुढे सरकवली. "आधी तुमच्या रोपांवर."

"माझी रोपं नाजूक आहेत."

"आणि आमची फांदी काय लोखंडाची?"

काका जागचे हलेनात. हाओबाईंनी बादलीत डोकावून पाहिलं. "लुओ, या पोरीपुढे तरी लाज बाळगायचीस," म्हणाल्या आणि बादली गटारात उपडी केली.

नवं पाणी मी कालवलं, सगळ्यांसमोर. दोन आठवड्यांत काकांची रोपं हिरवी झाली. आमची फांदी होती तशीच पिवळी.

तेव्हा काका परत आले. जर्दाळूंची पिशवी ओट्यावर ठेवली. "एक काडी दे कलमाला."

बाबा कात्री घ्यायला वळले. ती मी आधीच पाठीमागे धरली होती.

"श्याओमान, शेजारी आहेत ते."

"मग शेजारीच राहू देत."

काकांनी पिशवी परत उचलली. "हिला सासरी कोण नांदवणार," एवढं बोलले. मी त्यांच्या मागे फाटकाला कडी घातली.