बरणीतलं मीठ

उज्माचं लग्न झालं ते २०२२ साल. ईद होऊन पंधरा दिवस झाले होते, आणि बीडला ऊन असं की कोंबड्या चोची उघड्या टाकून मोरीत बसायच्या. उज्मा ही अजमतबीची थोरली नात. तिला पाटोद्याला दिली. रुखवतात काय काय गेलं ते बाकीच्यांनी बघितलं, अजमतबीचा जीव मात्र एका चिनीमातीच्या बरणीत होता. त्यांच्याकडच्या घरांची रीतच होती. नवरीबरोबर मिठाच्या पाण्यात घातलेल्या कैऱ्या जायच्या, आणि चाळिसाव्या दिवशी सासू गल्लीतल्या बायांसमोर बरणी उघडायची. कैरी करकरीत निघाली की माहेराचं नाव व्हायचं. बुळबुळीत निघाली तरी व्हायचंच, पण वेगळं.

अजमतबी मीठ मुठीनं घालायची आणि अंड्यानं तपासायची. त्याच दिवशीचं अंडं पाण्यात सोडायचं. बुडालं तर आणखी मीठ, तरंगलं की बस. उभ्या जन्मात तिनं दुसरं माप वापरलं नव्हतं.

बरणी रविवारी नवरीबरोबर गेली. मंगळवारी धाकटी नात आयशा, अकरावी सायन्सची, आम्लेट करायला बसली. पहिलंच अंडं फोडलं आणि घरभर घाण सुटली.

"दादी, कुठलं हाय हे?"

अजमतबीनं टरफल हातात घेतलं. त्यावर वाळलेल्या मिठाचा पांढरा डाग होता. हे तपासणीचंच अंडं. लग्नाच्या गडबडीत तिनं हात घातला होता तो उबवायला बसलेल्या खुडूक कोंबडीच्या टोपलीत. पिल्लू न निघालेलं, तीन आठवड्यांचं नासकं अंडं. असलं अंडं साध्या पाण्यातसुद्धा तरंगतं.

ती तिथंच भिंतीला टेकली. "मीठ कमी पडलं गं. कैऱ्या सडणार. साऱ्या गल्लीसमोर पोरीची मान खाली जाईल."

"मग फोन करू. टाक म्हणावं मीठ."

"किती टाक म्हणू? जास्त झालं तर कैरी चामड्यावानी होती."

"तू किती मुठी घातल्यास?"

"मुठी कोण मोजतंय?"

आयशा हसली नाही. "बरणीत घातलेलं पाणी जरा तरी उरलंय का?"

वाटीभर उरलं होतं. आयशानं खोकल्याच्या औषधाच्या झाकणानं मोजून शंभर मिली घेतलं आणि स्टीलच्या ताटलीत मंद आचेवर आटवलं. तळाशी पांढरा थर राहिला. एवढ्याशा मिठाचं वजन घरच्या काट्यावर होईना, म्हणून दोघी ताटली फडक्यात गुंडाळून राधाकिशन सराफाच्या दुकानी गेल्या.

"काय आणलंय, भाभी? चांदी?" राधाकिशननं विचारलं.

"मीठ."

"दागिना करायचाय का मिठाचा?"

"वजन करा गप. घडणावळ न्हाई द्यायची आमाला."

ताटली मिठासकट तोलली, मग धुऊन पुसून रिकामी तोलली. फरक आला सहा ग्रॅम.

"शंभरात सहा," आयशा म्हणाली. "बरणीत पाणी किती गेलं?"

"पाच तांबे. ते मोजलेत मी."

घरी येऊन आयशानं तांब्या पाण्याच्या बाटलीनं भरून पाहिला. बरोबर एक लिटर.

"म्हणजे पाच लिटर. शंभरात सहा, तर लिटरात साठ. पाच लिटरांत तीनशे ग्रॅम."

"आगं, पर कैऱ्यांनी मीठ ओढून घेतलं असंल की."

"ओढू दे. कैरीत असो नाहीतर पाण्यात, बरणीबाहेर तर गेलं न्हाई ना?"

हे अजमतबीला पटलं. आता व्हायला पाहिजे होतं किती, तेवढं राहिलं. सकाळी कोंबडीनं गरम अंडं दिलं. आयशानं मीठ तोलून तोलून दुसरं पाणी केलं. लिटरात एकशेदहा ग्रॅम झालं तेव्हा अंडं वर आलं.

"पाच लिटरांना साडेपाचशे. त्यातले तीनशे गेलेत. कमी पडलं अडीचशे, पाव किलो."

"बस? पाव किलोच?" अजमतबीच्या छातीवरचा दगड उतरला. दोन दिवसांत पहिल्यांदा तिला भूक लागली.

शुक्रवारी, लग्नानंतरच्या पहिल्या जुम्म्याला, रीतीप्रमाणे उज्मा माहेरी आली. जाताना अजमतबीनं मिठाची पुडी तिच्या हातात दाबली. "सासू झोपली की टाक. कोणाला कळू देऊ नको."

उज्माचा फोन दुसऱ्या दिवशी आला. "दादी, मी सासूअम्मीला सांगूनच टाकलं."

"कावून? नाक कापलंस माझं!"

"आगं, ऐक तर. अम्मी हसून हसून लोळायला लागल्या. म्हणल्या, माझ्या लग्नात माझ्या आईनं मीठच घातलं नव्हतं, मी परसात खड्डा करून सगळ्या कैऱ्या पुरल्या. मीठ त्यांनीच टाकलं, आपल्या हातानं हलवलं."

 अजमतबी हसायला लागली, तिला ठसका लागला, आयशानं पाणी दिलं.

चाळिसाव्या दिवशी बरणी उघडली. पहिली फोड सासूनं दातांखाली धरली, तिचा कर्र आवाज उज्मानं फोनवर ऐकवला. गल्लीतल्या बाया वाट्या घेऊनच आल्या होत्या. संध्याकाळपर्यंत बरणी अर्धी झाली.

अजमतबी २०२४ च्या नोव्हेंबरात, एका बुधवारी पहाटे, बीडला आपल्या घरी वारली.